चार हातांच्या आचाऱ्याचं बारावं वर्ष

उणकल, ४ ऑगस्ट

ती. सौ. अंबूआत्यास,
स्मृतीचा सा. न. वि. वि.

काकांचा फोन येईल म्हणून तुझा फोन मोकळा हवा, तेव्हा उणकलहून इथल्या इथं केशवापूरला पुन्हा पत्रच. पोस्टातली बाई हसते गं मला!

माझं इंग्रजी पुस्तक पोचलं ना? परदेशी प्रकाशन कंपनीला पसंत पडलं, फक्त चार हातांचा निळा आचारी रटाळ वाटला. त्यांच्या 'तारकादळ' या अंतराळकथांच्या मालिकेच्या पुढच्या कादंबरीत त्याला मार म्हणतात. विश्व त्यांचं, पात्रं त्यांची. मी भाडेकरू, खिळासुद्धा विचारून ठोकायचा.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी,
स्मृती

केशवापूर, ९ ऑगस्ट

चि. स्मृतीस,
अनेक आशीर्वाद.

अगं भवाने, शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं मी, मला कळणार नाही होय? तुझा आचारी मीठ दोनदा घालतो आणि पहिला घास गिळायच्या आत कानडीत खार आतेन, तिखट झालं का, म्हणून विचारतो. निळा रंग दिलास म्हणून तुझे काका लपतात होय?

अमरगोळच्या बाजारात मिरच्या आणायला गेले ते अजून यायचेत. दसऱ्याला बारा वर्षं होतील. ह्यांचे धाकटे भाऊ, प्रभंजन भावजी, म्हणतात की शास्त्राप्रमाणे आता पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं. भटजींना, बाळाचार्यांना, सांगूनही आले. भावजींनी पत्राच्या पाकिटावर मला विधवेसारखं 'श्रीमती' लिहिलं. या नावाचं इथं कोणी राहत नाही, असं लिहून परत पाठवलं मी. आणि आता तूही मारणार त्यांना? मला फार रडू आलं बघ.

मारू नकोस. काहीतरी आणायला पाठव. बारा वर्षं तरी कोणी मेला म्हणू शकत नाही.

पोरी, माया पातळ करू नकोस.

सौ. अंबूआत्या

उणकल, १८ सप्टेंबर

ती. सौ. आत्यास सा. न.

पाठवला! छोट्या यानातून, मिरच्या आणायला. कप्तान शोकसभा घेणार, तोच मी लिहिलं की देह सापडला नाही तर आचाऱ्याच्या लोकांत बारा वर्षं वाट बघतात.

कंपनीला वाटलं ही माझीच कल्पना! खूश होऊन त्यांनी ती नियमावलीत घातली, साऱ्या लेखकांना बंधनकारक. आता नुसता गोंधळ. एका लेखकाने स्फोटात उडवलेला दुष्ट सम्राट पुन्हा गादीवर बसवावा लागला. नवरे हरवलेल्या तिघींची ठरलेली दुसरी लग्नं मोडली. लेखक मला शिव्या घालताहेत.

मग कंपनीने विचारलं, वर्ष कुठलं धरायचं? मी कळवलं, माणूस जिथं गेला तिथलं. मिरच्यांच्या ग्रहाचं एक वर्ष आपल्या तीस वर्षांएवढं. मंजूर झालं गं!

रागावू नकोस, लोभ असू दे.

स्मृती

केशवापूर, दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. स्मृतीस,
उदंड आशीर्वाद.

काल भावजी बाळाचार्यांना घेऊन आले, पळसाची पानंसुद्धा पिशवीत. मी तुझं नियमाचं पत्र पुढं ठेवलं. म्हटलं, गेलेल्याचं वर्ष तो गेला तिथलं मोजा. भावजी ओरडले की दादा अमरगोळला गेला, आकाशात नव्हे. मी विचारलं, अमरगोळ पालथं घातलंत ना तुम्ही, मग सापडले का?

बाळाचार्यांनी पत्र दोनदा वाचलं, पंचांग मिटलं. म्हणाले, माणूस कुठं आहे हेच ठाऊक नाही, तिथलं वर्ष मी कसं सांगू? कॉफी प्याले आणि उठले. पानं मी ठेवून घेतली, पत्रावळी होतील.

कंपनीला माझा नमस्कार कळव. घरात मिरच्या संपल्यात, पण मी विकत घेत नाही. हे घेऊन आले की उगाच दोनदा होतील.

येत जा गं. फोन मात्र करू नकोस.

तुझीच,
सौ. अंबूआत्या