माझा खळगा पिवळा होत नाही

६ जानेवारी, सोमवार

एकदाची नोकरी लागली! बायोकेमिस्ट्रीची डिग्री नेसरीच्या घरी नुसती भिंतीवर टांगून होती, आता तिला काम मिळालं. गडहिंग्लजपासून एसटीत उभी राहून आले तरी थकवा म्हणून नाही. मोनाला आक्काकडं, माझ्या थोरल्या बहिणीकडं ठेवलंय. सहा वर्षांची पोर, गाडी हलेपर्यंत खिडकीखाली भोकाड पसरून उभी होती. माझाही जीव तुटला. पण जरा बस्तान बसलं की तिला कोल्हापूरला आणायचं, इथल्या शाळेत घालायचं. त्यासाठीच ही सगळी धडपड. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना.

प्रयोगशाळेत माणसं तीनच. उदयसिंह सर तालमीतल्या घराण्यातले, मान इतकी जाड की शर्टाचं वरचं बटण लागत नाही. भैरवी ही पेठ वडगावची, माझ्याच वयाची, अबोल. आणि तिसरी मी, तिघांचं बोलणं एकटी बोलणारी.

९ जानेवारी

काम आवडलं. दुखण्यावरचं नवं औषध शोधायचंय. शाळेत आपण ज्याला विकर म्हणायचो ते एन्झाइम. अंगातलं असंच एक एन्झाइम दुखण्याची वर्दी पोचवतं. ते बंद पाडणारा पदार्थ शोधायचा. इडलीपात्राचं पिल्लू वाटावी अशी प्लेट असते. प्रत्येक खळग्यात थोडं एन्झाइम आणि वर एकेक नवा पदार्थ घालायचा. एन्झाइम चालू असेल तर पिवळा रंग येतो, बंद पडलं तर पाणी तसंच राहतं. एका खळग्यात मात्र नुसतं एन्झाइम. हा कंट्रोल. तो पिवळा झालाच पाहिजे, नाहीतर प्लेट फुकट.

१३ जानेवारी, सोमवार

दर सोमवारी एन्झाइम आमच्याच रक्तातून काढतात! आज माझा नंबर होता. सुई टोचली तेव्हा मी डोळे मिटून घेतले आणि सर हसले. नंतर सगळ्यांना मोठा ग्लास भरून दूध, धारोष्ण, म्हशीचं, फेसासकट. रक्त दिलेल्या माणसाची चहाबिस्किटावर बोळवण करणं म्हणजे कोल्हापूरच्या अब्रूचा प्रश्न. सर म्हणाले, "अंगातलं देताय न्हवं, मग अंगाला लागंल असं प्यायलाच पायजे की!" ग्लास रिकामा झाल्याशिवाय खाली ठेवू देत नाहीत. सरांनीच घातलेल्या मसाल्याची चव जरा कडवट लागली. माझ्या रक्ताचा कंट्रोल हळदीसारखा पिवळा आला. उगाच अभिमान वाटला.

२२ जानेवारी

भैरवीचा हात तापलेल्या हॉटप्लेटवर टेकला. करपल्याचा वास मला आला, तिला नाही. मी किंचाळले तेव्हा तिनं हात उचलला, पाहिला आणि नळाखाली धरला. जेवताना सांगत होती की डिसेंबरात तिचे वडील गेले आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. एवढं सांगून तिनं माझ्या डब्यातली भाजी मागितली. मला कसंसंच झालं. हिला कुणी जवळचं नाही का?

३ फेब्रुवारी, सोमवार

वर्षभर छळणारी माझी दाढ दुखायची थांबली. कोल्हापूरचं पाणी मानवलं म्हणायचं.

मोनाचा फोन आला होता. रडत होती. मी ऐकलं. फोन ठेवून जेवले.

११ फेब्रुवारी

माझ्या रक्ताचा कंट्रोल पिवळा झाला नाही. वाटलं, रंगाचं द्रावण घालायला विसरले. पुन्हा लावला, पुन्हा पाणीच. भैरवीचं रक्त घेतलं, तेही पाणी. फाटकावरचे गुंडूमामा रखवालदार आहेत, त्यांना दूध पचत नाही, ते कधीच पीत नाहीत. त्यांचं थोडं रक्त मागून घेतलं. पिवळं आलं.

म्हणजे दूध. तो मसाला.

सरांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. औषध नोव्हेंबरातच सापडलंय, आता माणसांत लागू पडतंय का ते बघायचं, पहिला ग्लास मीच प्यालो, म्हणाले. "दुखतंय का कुठं? न्हाय न्हवं? मग?"

मला राग यायला हवा होता. मी खुर्चीवर बसून त्याची वाट पाहिली. मग पुढची प्लेट लावली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दूध प्यायले. नको म्हणायचं ठरवलं होतं. ठरवणं होतं, पण जोर नव्हता.

फक्त दुखणंच जातं असं नाही. भीती कशी असते ते आठवतं. येत नाही.

आक्काचा फोन. मोनाला ताप होता. "पोर तुझ्या नावानं रडतीया आन् तू नुसती हूं हूं करतीस. काय झालंया तुला, अनुजा?" मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही.

२४ फेब्रुवारी

सर म्हणाले, लहान अंगावर किती लागू पडतं ते बघायला पाहिजे, तुमची पोर हाय की. जानेवारीतल्या अनुजाला विचारलं असतं तर तिनं सरांचं डोकं फोडलं असतं. तसं लिहून ठेवते.

मी बरं म्हणाले.

२ मार्च

मोनाला घेऊन आले. एसटीत ती माझ्या मांडीवर झोपली. जड होती.

३ मार्च, सोमवार

सुई पाहून मोना ओरडली, मला घट्ट धरलं. मी तिचा हात सरळ केला.

तिचा खळगा पिवळा. इतका पिवळा मी कधी पाहिला नाही. त्याच्याकडं बघत राहिले. काहीतरी — छातीत — मग गेलं.

दुधाचा ग्लास मीच तिच्या तोंडाला लावला.

१० मार्च

पिवळा. थोडा फिका.

१७ मार्च

फिका.

शाळेत नाव घालायचं राहिलंय. हवं होतं मला ते. का —

२४ मार्च

पाणी.

आक्काचा फोन वाजतोय. मोना घेत नाही. मीही.

२६ मार्च

मोना आत्ता आली. दाराच्या फटीत बोट सापडलं होतं. नख लोंबतंय. फरशीवर थेंब. ती हसतेय — "आई, बघ की, लागतच न्हाय." दुसरं बोट घालून दाखवते म्हणतेय. दाराकडं निघालीय.

उठायला हवं. तिला धरायला हवं. एवढं कळतंय मला. उठण्यासाठी आधी आत जे काही हलावं लागतं ते —

दार आपटलं.

पुन्हा आपटलं. ती बोटं मोजतेय, हसत, आणि मी इथं बसून लि—