स्वयंपाकघराची मधली भिंत

नाना, तुमच्या लेकानं गारखेड्याच्या घराची मधली भिंत पाडली. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यातली. पाडली म्हणजे अख्खी पाडली, आता दारातून आत पाय टाकला की थेट गॅसची शेगडी दिसते. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली, एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि लिहायला बसले तर ती तक्रारच. पण ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालंय. माझं ऐकून घेणारं माणूस आता तुम्हीच उरलात, आणि तुम्हीही नाही आहात हे मला कळतं. साठी ओलांडलेली बाई आहे मी, वेड लागलेलं नाही.

याच भिंतीत दार पाडायचं ठरलं होतं, ते दिवस आठवतात का? मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आईला ताटं घेऊन व्हरांड्यातून वळसा घालून बैठकीत यावं लागायचं, पावसाळ्यात भाकऱ्या भिजायच्या. एक रविवार. गवंडी चहाची बशी फुंकत बसलाय, तुम्ही त्याला म्हणताय, "थांबा, आधी हिला इचारू." गवंडी माझ्याकडं न बघता छताकडं बघतोय. माझी घाबरगुंडी उडालेली. मी भिंतीवर हात ठेवून म्हणते, "बहुतेक चालेल." तुम्ही त्याच्यासमोरच मला झापता, "बहुतेक म्हंजे काय? घरात लेकरं झोपत्यात. व्हय म्हण, नायतर नाय म्हण. येत नसंल तर इचारून ये." तुमचा आवाज चढला नव्हता, तरी मी आत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना विचारलं आणि संध्याकाळी येऊन तुम्हाला नीट सांगितलं, की या घराला खांब नाहीतच, भिंती हेच खांब. दोन्ही खोल्यांचा स्लॅब या एका भिंतीवर टेकलाय. दार पाडता येईल, पण लहान, आणि आधी दोन्हीकडून टेकू द्यायचे, मग वरती काँक्रीटची पट्टी ओतायची, ती पक्की झाल्याशिवाय टेकू काढायचे नाहीत. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "म्हंजे ही भिंत घरातला कर्ता माणूस हाय म्हण की. त्याला एकदम उठवायचं नाय." इतक्या सोप्या भाषेत मला पुढं आयुष्यभर कुणाला सांगता आलं नाही.

ते टेकू मग कितीतरी दिवस बैठकीत उभे होते. आई व्हरांड्यात स्टोव्हवर स्वयंपाक करायची आणि मला शिव्या घालायची. लासूर स्टेशनहून काका आले, रात्री उठले नि टेकूला धडकले, कपाळाला टेंगूळ आलं. तुम्ही त्यांना सांगताय, "लेकीनं सांगितलंय, ती म्हणंल तवा निघंल." आणि सांगताना तुमचं तोंड हसरं. मी पास झाले तेव्हा क्रांती चौकातल्या दुकानातून तुम्ही मला मोजायची स्टीलची टेप आणून दिलीत. "इंजिनेरबाई, धरा तुमचं हत्यार," म्हणालात. निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला माणूस तुम्ही, सहीला शेवटपर्यंत दस्तखत म्हणत आलात, आणि लेकीला साइटवर धाडताना तुम्हाला काही वाटलं नाही. गल्लीला फार वाटलं.

त्याच टेपनं घात केला. झालं असं, की तुमच्या नातवाचं लग्न ठरलं. वहिनीला स्वयंपाकघर मोकळं करून हवं होतं, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तीस वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत दिवसाही दिवा लावून तिनं पोळ्या लाटल्यात. भाऊ फोनवर सहज बोलून गेला, मधली भिंत काढतोय. तुम्ही मागाहून वरचा मजला चढवलात, तो याच भिंतीवर भिंत ठेवून, आणि त्याच्यावर गच्चीत पाण्याची टाकी. म्हणजे दोन स्लॅब आणि टाकी. मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले नि खोल्या मोजायला लागले. एकदा मोजायला लागले की मला आजूबाजूचं भान राहत नाही, ती सवय तशीच आहे. वहिनी चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "ताई, काय मोजताय?" मी आकडे लिहिता लिहिता म्हणाले, "कुणाच्या वाट्याला किती येतं ते बघते." भिंतीच्या वाट्याला किती वजन येतं, असं मला म्हणायचं होतं हो. तिनं चहा टेबलावर ठेवला आणि आत गेली.

दोन दिवसांनी भाऊ माझ्या घरी आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, "ताई, तुला हिस्सा पाहिजे असंल तर तोंडानं माग. असं भिंतीचं निमित्त काढून नको." मला आधी हसूच आलं. तुम्ही गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर आनंदानं सही केली होती, साडीचोळी घेतली होती, आणि ती साडी मी हौसेनं नेसतेसुद्धा. मी म्हणाले, "अरे, त्या भिंतीवर वरचा मजला बसलाय. पोरगा वर झोपतो, तुम्ही दोघं खाली झोपता." तो म्हणाला, "ठेकेदार म्हणतो स्लॅब हाय, काय बी होत नाय. लई घरं केली त्यानं." मी म्हणाले, "स्लॅब काय हवेत उभा राहतो का रे?" मग कागद घेऊन बसले, काढून दाखवलं. भिंत काढता येते, मी नको म्हणतच नाहीये. आधी टेकू, मग दोन टोकांना पायापासून उठवलेले खांब, त्यांच्यावर जाडजूड लोखंडी गर्डर, आणि मग भिंत काढायची. मी स्वतः उभी राहते, महिनाभर लागेल. तो कागदाकडं बघत राहिला. म्हणाला, "महिना? लग्न पुढच्या महिन्यात हाय. त्यो चार दिवसांत करतो म्हणतोय." आणि उठता उठता म्हणाला, "ताई, तुझ्या वहिनीला तू हे घर कधी तिचं वाटूच दिलं नाय." नाना, कुणाला दुकानासाठी खांब कापायचा असतो, कुणाला बाल्कनी खोलीत घ्यायची असते, जन्म गेला माझा या शहरातल्या परक्या माणसांना नाही म्हणण्यात. ते कुरकुरतात, भांडतात, पण ऐकतात. सख्ख्या भावाला माझ्या नाहीमध्ये हिस्सा ऐकू आला.

महापालिकेच्या ऑफिसातही जाऊन आले. तिथल्या बाबूनं विचारलं, घर कुणाच्या नावावर? भावाच्या. तुमचा हिस्सा? नाही. मग तुम्हाला काय पडलंय मॅडम, असं तो अगदी भल्या मनानं म्हणाला. बाहेर येऊन मी रिक्षात बसले, आणि रिक्षावाल्याला कुठं जायचं ते सांगायचंच विसरले. लेखी तक्रार करायची तर लग्नघरात नोटीस जाणार, आणि मग सगळ्यांच्या मनातलं पक्कं होणार. मी तक्रार केली नाही.

चार दिवसांत भिंत गेली. ठेकेदारानं भंगारातून आणलेली एक बारीक गर्डर दोन्ही टोकांना विटांत नुसती चार बोटं खोचली, खाली खांब नाहीतच, खालून पीओपीचं छत मारून झाकून टाकली, त्यात पिवळे दिवे लावले. आता वरचा स्लॅब किती वाकलाय ते कुणाला दिसणारही नाही, मलाही नाही. लग्नाला गेले होते. तुमच्या फोटोला मोठा हार घातला होता. वर नवरीकडच्या बायका, पोरं, पेट्या, सगळा गलका, आणि मी खाली ताट हातात घेऊन त्या पिवळ्या दिव्यांखाली उभी. वहिनी खरंच आनंदात होती, तिचा चेहरा त्या उजेडात मी पहिल्यांदाच नीट बघितला. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "ताई, बघा, पडलं का काय?" मी म्हणाले, "नाही पडलं." आज पडलं नाही म्हणजे काही होणार नाही असं नसतं, स्लॅब सावकाश दमतो, एखाद्या पावसाळ्यात, टाकी काठोकाठ भरलेली असताना. पण हे भरल्या लग्नघरात कसं बोलायचं? बोललं की बाई अपशकुनी. तुमच्यापाशी बोलता येतं, पण तुमच्या हातून आता काही होणार नाही, माझ्या हातूनही नाही. ते सगळे तिथंच झोपतात, आज रात्रीही झोपतील, आणि मला माहीत असून मी इथं माझ्या घरी झोपते.

भाऊ अजून रविवारी फोन करतो, तेवढं तुटलेलं नाही. तो म्हणतो, सगळं ठीक हाय, सूनबाई तुझी आठवण काढते. जीव भांड्यात पडतो माझा. आणि नाना, हे दुसऱ्या कुणाला मी मेले तरी सांगणार नाही, फोन ठेवल्यावर मला थोडं वाईटही वाटतं, की अजून साधी भेगसुद्धा पडली नाही.