आबांची पितळी शिट्टी

हमरिया, शारजा
सोमवार, १५ फेब्रुवारी १९९९

ती. आबांस,
यतीनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हरलो. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे निकाल शोधायला तुम्हाला पत्र उलटंपालटं करायला नको. एक-शून्य. शुक्रवारी प्ले-ऑफ होती. जिंकलो असतो तर फायनल शारजाच्या स्टेडियमवर होती, खऱ्या हिरवळीवर. आमची पोरं तीन वर्षं कंपनीच्या पाइप यार्डामागच्या वाळूत खेळतात, सगळ्यांचे गुडघे सोलून निघालेत. आमचा गोलकीपर वली तर म्हणायचा, एकदा तरी हिरवळीवर पडायचंय.

वलीबद्दल मागे लिहिलं होतं ना, दापोलीकडचा, माझ्याच रूममध्ये वरच्या बंकवर असतो. दिवसभर क्रेनखाली पाइपांना साखळ्या अडकवायच्या आणि संध्याकाळी गोलमध्ये उभं राहायचं, एवढंच त्याचं जग. मी नेहमीसारखा गोलच्या मागे हलगी घेऊन होतो. इथल्या मल्याळी आणि पठाण पोरांनाही हलगीचा नाद लागलाय. यल्ला कोल्हापूर, म्हणजे चल कोल्हापूर, म्हणत बसमध्ये मलाच आधी चढवतात.

ऐंशी मिनिटं शून्य-शून्य. मग दुबईच्या काँक्रीट कंपनीचा फॉरवर्ड उजवीकडून घुसला. ऑफसाइड होता आबा, चांगला हातभर. लाइन्समनने झेंडा वर केला नाही. तेवढ्यात प्रेक्षकांतून कुणीतरी शिट्टी फुंकली. वलीला वाटलं रेफ्रीचीच. तो थांबला, फ्री किक मिळाली म्हणून हात वर केला, आणि बॉल त्याच्या पायाशेजारून रांगत गोलमध्ये गेला. रेफ्री म्हणाला, मी वाजवलीच नाही, गोल आहे. ग्राउंडवर शिट्टी आणायला आयोजकांची सक्त बंदी आहे, तरी कोण गाढव घेऊन आला होता कळलं नाही.

आता सगळे वलीवर घसरलेत. डिफेन्सवाले हात वर करून मोकळे झाले, म्हणे आम्ही काही ऐकलंच नाही. कप्तान सुदेशने मेसमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं की याच्या कानात भुतं शिट्ट्या वाजवतात. ती चेष्टा फोरमनच्या कानावर गेली. क्रेनखालची माणसं शिट्टीच्या इशाऱ्यावर काम करतात, आणि ज्याला नसलेली शिट्टी ऐकू येते त्याला तिथे ठेवणं धोक्याचं, असं त्याचं म्हणणं. शनिवारपासून वलीच्या हातात झाडू आहे. ठेवायचा की घरी धाडायचा ते पुढच्या महिन्यात ठरवणार.

तुम्ही म्हणाल, हा खेळत नाही, नुसती हलगी बडवतो, याला एवढं काय लागलं. पण सहा दिवस मी लोकांनी केलेले वेल्डिंगचे जोड तपासतो आणि चुकलेल्या जोडावर खडूने फुली मारतो. मला बघून कुणाचं तोंड हसरं होत नाही. शुक्रवारी होतं. ते गेलं तर इथे राहिलं काय? पण मी सांगून ठेवतो, पुढच्या वर्षी आम्ही त्या हिरवळीवर जाणार.

ताईला नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं कळवा. मी हरलेल्या टीमचा असलो तरी लोभ करावा.

आपला,
यतीन

*

कोल्हापूर
बुधवार, २४ फेब्रुवारी १९९९

चि. यतीन यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. शिट्टी फुंकणाऱ्याला तू फक्त गाढव म्हणालास. लेका, तुझी मॅच घालवली त्याने आणि एवढ्यावरच सोडलास? तू इतका सभ्य कधीपासून झालास?

मी बावीस वर्षं या गावात रेफ्री होतो. पेठेपेठेची पोरं खिसे भरून शिट्ट्या आणतात, कान किटतात, पण एकही कीपर थांबत नाही. प्लास्टिकच्या शिट्टीला कीपर भीक घालत नाही. त्याला थांबवते ती जड, पितळी, आत बुचाची गोळी फिरणारी. तशी एक माझ्याकडे होती. तू गल्फला निघालास तेव्हा आठवण म्हणून मागून घेतलीस. ती कुठे आहे, ते तू लिहिलेलं नाहीस.

ऑफसाइड दिसली की हात आपोआप खिशाकडे जातो, हे मला तू सांगायला नको. निवृत्त झाल्यावर वर्षभर मी रस्त्यात पोरं ढकलाढकली करताना दिसली तरी खिसा चाचपायचो. ती चूक मी पदरात घालीन. पण आता नियम ऐक. प्रेक्षकाच्या शिट्टीने खेळात व्यत्यय आला असं रेफ्रीला पटलं, तर तो गोल धरत नाही, ड्रॉप बॉल देतो. मात्र बॉल मधोमध ठेवून खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत त्याला ते कळायला हवं. मिनिटभर तरी तुझ्या हातात होतं. हलगी खाली ठेवून आत गेला असतास, शिट्टी त्याच्यासमोर धरली असतीस, तर बहुतेक गोल रद्द झाला असता. तुला ग्राउंडबाहेर काढलं असतं, एवढंच. शिट्टी वाजवलीस म्हणून मॅच गेली नाही, यतीन. खिशात लपवलीस म्हणून गेली.

मॅच आता परत येत नाही. त्या पोराची भाकरी अजून परत येऊ शकते. आधी त्याला सांग, मग टीमला, मग फोरमनला. समोर उभं राहून सांग, दुसऱ्याच्या तोंडून नको.

गुडघा बरा आहे. लोभ सध्या दाराबाहेर उभा आहे. खरं लिहिलंस की आत घेतो.

जगन्नाथ

(याच पाकिटात)

चि. यतीन, अ. आ.
आबांना कळू न देता ही चिठ्ठी घालतेय. तुझं पत्र आल्यापासून त्यांनी चहाच्या कपांची टीम मांडून मला आणि शेजारच्या जहांआराभाभींना तो गोल चार वेळा समजावला. किटली म्हणजे वली. भाभी बिचाऱ्या दूध मागायला आल्या होत्या.

पण ते तुझ्यावर एवढे का तापले ते ते कधी लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. तू लहान होतास. आबांनी एका फायनलमध्ये चुकीची पेनल्टी दिली. कीपरने फाउल केलाच नव्हता, हे त्यांना संध्याकाळीच कळलं होतं. आईने किती सांगितलं, जाऊन एकदा बोला. नाही गेले. त्या कीपरने पुढे खेळणंच सोडलं. तो म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचा सायकलवाला दत्ताराम. पंचवीस पावलांवर दुकान आहे आणि आबा आजही चाकात हवा भरायला दोन गल्ल्या लांब जातात.

तू लांबच्या गल्लीने जाऊ नकोस. एवढंच. तब्येत सांभाळ आणि मोठ्या बहिणीवर जमेल तसा जीव लाव.

तुझी ताई,
विद्युल्लता

*

हमरिया
रविवार, ७ मार्च १९९९

ती. आबांस,
खाली मान घालून केलेला शि. सा. नमस्कार वि. वि.

होय. ती मीच वाजवली आणि ती तुमचीच होती. रेफ्रीने गोल दिला तेव्हा मी ती खिशात सारली. वाटलं, शिट्टी सापडली तर आयोजक आमची टीमच बाद करतील. हे कारण मी तीन आठवडे स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी घाबरलो. तो नियम मला माहीत नव्हता. तुमचं पत्र वाचून कळला.

गुरुवारी वली नळावर कपडे धूत होता, तिथेच सांगितलं. तो ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं की म्हणजे मी खरंच ऐकलं होतं ना. आबा, तो कान तपासून आला होता. डॉक्टरने कान चांगले आहेत म्हटलं तेव्हा तो जास्तच घाबरला, कारण मग दोष डोक्यात आहे असं त्याला वाटायला लागलं. घरी आईला पत्रही लिहीत नव्हता. हे सगळं सांगून त्याने बादली उचलली आणि गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

शुक्रवारी प्रॅक्टिसला टीमसमोर उभा राहिलो आणि आधी शिट्टी वाजवली. सगळे जागच्या जागी थांबले. आवाज ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. सुदेश मारायलाच धावला, दोघांनी धरला. मला ग्राउंडबंदी, बसबंदी, आणि हलगी जप्त. काल फोरमनकडे गेलो. त्याने मला वॉर्निंग लेटर दिलं आणि वलीला उद्यापासून क्रेनवर परत घेतलं. खलास.

रूममध्ये माझ्याशी कुणी धड बोलत नाही. पण इथून बदली मागणार नाही. चुकलेल्या जोडावर मी फुली मारतो तेव्हा तो पाइप आम्ही फेकून देत नाही. घासतो आणि परत वेल्ड करतो. मीही इथेच उभा राहणार.

शिट्टी माझ्याकडे ठेवायची लायकी नाही. एप्रिलमध्ये एक जण कोल्हापूरला येतोय, त्याच्याबरोबर परत पाठवतो. लोभ दाराबाहेर उभा राहून दमला असेल, तर त्याला निदान बसायला सांगावं.

यतीन

*

कोल्हापूर
शनिवार, २० मार्च १९९९

चि. यतीन यास आशीर्वाद.

शिट्टी पाठवू नकोस. मला आता तिचं काय काम? तुझ्याकडेच ठेव. खिशात जड लागली तर लागू दे.

वलीला माझा एक निरोप सांग. चूक तुझी होती, यतीन, पण थोडं त्यालाही शिकायचं आहे. कीपरने शिट्टी ऐकून थांबायचं नसतं. बॉल हातात घ्यायचा आणि मग रेफ्रीकडे बघायचं. माझ्या मॅचला जे चांगले कीपर होते ते सगळे असेच होते. त्यातला एक फारच चांगला होता.

काल सायकलमध्ये हवा भरून आणली. दत्तारामच्या दुकानातून. हवा पाच मिनिटांत भरली, मी दोन तास बसलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग चहा मागवला. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं आहे.

ताई हे पत्र वाचून हसते आहे. का ते सांगत नाही. लोभ आत घेतला आहे. जेवला आहे.

जगन्नाथ

*

हमरिया
शनिवार, १७ एप्रिल १९९९

ती. आबांस,
यतीनचा शि. सा. नमस्कार, दत्तारामकाकांनाही सांगावा, वि. वि.

वली बोलत नव्हता, म्हणून तुमचा निरोप मी खालच्या बंकवर बसून मोठ्याने वाचला. वर त्याने कूस बदलली. पण त्या शुक्रवारी तो ग्लोव्हज घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ती शिट्टी घे आणि चल. सुदेशला त्याने काय सांगितलं कुणास ठाऊक, त्याने मला हाकललं नाही.

वलीने मला गोलच्या मागे उभं केलं, त्याच जागी. सांगितलं की मी पोरांकडून गोलवर बॉल मारून घेतो, तू मनाला येईल तेव्हा वाजव, आणि काही झालं तरी हात आखडू नकोस. पहिल्यांदा वाजवली तेव्हा माझेच ओठ सुकले होते. त्या दिवशी विसांतून नऊ वेळा तो थांबला, नऊ गोल खाल्ले. दर वेळी वाळूतून उठला आणि मान न वळवता मला पुन्हा वाजवायची खूण केली. पुढच्या शुक्रवारी चार वेळा थांबला.

आता सुदेश स्वतः बॉल मारतो. हलगी परत मिळाली आहे. शिट्टी मात्र वलीच्या उशाखाली असते, प्रॅक्टिसपुरती माझ्या हातात देतो आणि आठवणीने परत मागून घेतो. नवा सीझन ऑक्टोबरला आहे.

काल मी तीस वेळा वाजवली, छातीत होता नव्हता तेवढा दम लावून. वली एकदाही थांबला नाही.

तुमच्या लोभाला माझा नमस्कार.

आपला,
यतीन