रिव्हर्समध्ये उतरलेला चढ

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी धडधाकट आहे, एवढं आधी वाचा आणि मगच पुढे जा.

इथला ज्वालामुखी शांत आहे. नुसता धूर सोडतो, तुम्ही आईच्या नकळत गच्चीत सोडता तसा. डोंगराचे हादरे मोजणाऱ्या आमच्या वरच्या यंत्रांपर्यंतचा रस्ता अगदी छोटा आहे, फक्त भिंतीसारखा उभा.

काल मी मोठ्या साहेबांना जीपने वर नेत होते. अर्ध्या चढावर चाकं काळ्या भुसभुशीत खडीत जागीच फिरायला लागली. वळायला जागा नव्हती.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता रिव्हर्स."

त्यांनी डोळे मिटले. मी मान बाहेर काढून जीप इंच इंच खाली आणली. हे आईला सांगू नका. तिचे गुडघे कसे आहेत?

खाली आल्यावर साहेब म्हणाले, "गाडी कोणी शिकवली?"

"वडिलांनी. शेजारी बसून सारखे ओरडायचे."

"मग मी गप्प बसलो, तेच चुकलं."

चाकांतली थोडी हवा सोडून आम्ही पुन्हा निघालो. साहेब थेट तुमच्या सुरात ओरडत होते, "हळू! दगड बघ! पुढे बघ!" जीप सरळ वर पोचली.

साहेबांचा घसा आज पार बसलाय. तुमचा कसा आहे? मी तिथे नाही, म्हणजे त्याला आराम असेल.

तुमची,
धाकटी