डावा स्पीकर

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची सवय मोडून कैक वर्षं झाली. तुम्ही रेल्वेच्या लाइनवर असायचात तेव्हा दर आठवड्याला एक निळं अंतर्देशीय टाकायचे मी. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, बाकी सर्व ठीक. आज लिहायला बसले, कारण बाकी सर्व ठीक नाही.

उद्या सकाळी दहा वाजता अभयच्या कानांची तपासणी आहे. वेळ मी घेतली आहे. तो येईल की नाही, मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणाला, "बघू." हे "बघू" तो कुणाकडून शिकला, ते तुम्हाला सांगायला हवं का?

आता साडेपाच वाजलेत. सीतापुऱ्याच्या कारखान्याची खोकी पोचवून तो एव्हाना घरी यायला हवा होता. रस्त्यावर हॉर्न वाजला की माझं पेन थांबतं. गेले तीन दिवस हे असंच चाललं आहे. तुम्ही मालगाडीवर गार्ड होतात, तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

हे सगळं त्या पिकअपच्या टेपपासून सुरू झालं.

तुम्ही रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली पिकअप, आणि तिच्यात कंपनीनंच बसवून दिलेला कॅसेटचा टेप. किती कौतुक होतं तुम्हाला! "माल वाहायची गाडी आहे, पण गातेसुद्धा." आता तीच गाडी दिवसभर अभय चालवतो. महिन्यापूर्वी म्हणाला, "आई, हा टेप बदलू या. आवाजच नाही त्याला. एक स्पीकर तर बाबांच्या वेळेपासून बंद आहे. राजा पार्कमध्ये बग्गाजी म्हणून आहेत, ते सीडीवाला बसवून देतात, चार नवे स्पीकर, पेन ड्राइव्हपण लागतो."

मी म्हटलं, "खोकी गाणी ऐकत नाहीत."

"खोकी नाही ऐकत, पण मी ऐकतो ना! दिवसभर एकटा असतो मी गाडीत. मतलब, कोणीतरी बोलायला पाहिजे की नाही?"

मी हो म्हटलं. अट मात्र घातली, की मी बरोबर येणार. खरं सांगू? तुमची नाट्यगीतांची कॅसेट अजून त्या टेपमध्येच होती. जुना टेप काढताना ती कुणी फेकून देईल, अशी धास्ती होती मला. हे मी अभयला सांगितलं नाही. लपवण्यात मीही काही कमी नाही म्हणा!

रविवारी आम्ही राजा पार्कला गेलो. बग्गाजी साठीचे, जाड चष्म्याचे, तोंडाची टकळी अखंड चालू. दुकानाच्या दारातच पिकअप उभी केली. अभय ड्रायव्हरच्या जागेवर बसून राहिला, बग्गाजी डावीकडून आत शिरून माझ्या नेहमीच्या जागेवर बसले आणि मी त्यांच्या उघड्या दाराला हात लावून बाहेर उभी राहिले. या दारातला स्पीकर बंद आहे, असं अभयनं त्यांना सांगितलं.

बग्गाजींनी पेचकस हातात घेतला, टेपकडे जरा वाकून पाहिलं आणि पेचकस पुन्हा खिशात ठेवला. आवाजाच्या बटणामागे एक पातळ रिंग असते, ती तुम्हाला ठाऊक होती. मला ठाऊक नव्हती. आवाज डाव्या स्पीकरला किती जावा आणि उजव्याला किती, ते ती रिंग ठरवते. बग्गाजी हसायलाच लागले.

"माताजी, स्पीकर में कोई खराबी नहीं है. किसीने बैलेंस पूरा उधर घुमा रखा है. सारी आवाज ड्राइवर साइड!"

त्यांनी रिंग फिरवून पार डावीकडे नेली. आणि माझ्या हाताखालचं दार गायला लागलं हो! पत्रा थरथरत होता. पाच वर्षं मी त्या दाराला टेकून बसले आणि ते दार मुकं आहे असं समजत होते.

"लो जी, बज गया," बग्गाजी म्हणाले.

अभयनं स्वतःच्या बाजूच्या दारावर टिचकी मारली. "ये तो पहले से बजता है, भैया. वो वाला बजाओ."

"वो ही तो बज रहा है, बेटा. तेरा वाला अब बंद है."

"मजाक मत करो ना, बग्गाजी."

बग्गाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रिंग पुन्हा उजवीकडे नेली, मग डावीकडे. दर वेळी विचारलं, "अब कौनसा?" आणि दर वेळी आपला मुलगा उजव्याच दाराकडे बोट दाखवत राहिला. आधी हसत, मग न हसता.

बग्गाजींची टकळी थांबली. त्यांनी टेप बंद केला आणि हळू आवाजात मला म्हणाले, "इसके कान दिखा लो, माताजी. मैं दिनभर यही काम करता हूँ."

नवा टेप त्यांच्या काचेच्या कपाटातच राहिला. आम्ही घरी निघालो.

वाटेत मी एक शब्द बोलले नाही. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल! दुर्गापुऱ्याच्या वळणावर डावीकडून बस हॉर्न वाजवत आली, तर अभय उजवीकडे बघत होता. मी ओरडले, त्यानं ब्रेक दाबला. पिकअपचे सगळे पोचे डाव्या बाजूला का आहेत, हे मला त्या क्षणी कळलं. तुमचेही तिथेच, त्याचेही तिथेच. तो मोबाइल नेहमी उजव्या कानाला का लावतो, तेही कळलं. एकामागून एक सगळं कळत गेलं आणि मला ते थांबवता येईना.

तुम्ही गाडी चालवताना मी बोलायला लागले की मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघायचात. "पुढे बघा, पुढे! माझ्या तोंडावर काय सिग्नल आहे का?" मी म्हणायचे. तुम्ही उजवा कान माझ्याकडे आणत होतात, हो ना? जेवायला बसताना खुर्ची बदलून घ्यायचात, लग्नाच्या पंगतीत हटकून डाव्या टोकाला बसायचात. मला वाटायचं, माणूस विक्षिप्त आहे.

आणि तो स्पीकर! गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, "केवढा तो आवाज! माझे कान फुटतील." त्यानंतर चार-आठ दिवसांतच डावा स्पीकर "बिघडला." तुम्ही म्हणालात, "कंपनीचाच माल तसा आला." मीही ते खरं मानलं. मला त्रास नको आणि तुम्हाला ऐकू यावं, म्हणून सगळा आवाज आपल्या दाराशी ओढून घेतलात. इतकी साधी युक्ती! पण ती करण्याऐवजी एक वाक्य बोलला असतात तर?

आठवीला ध्वनीचा धडा मी एकवीस वर्षं शिकवला. मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय, ते फळ्याकडे तोंड असताना सांगायचे. मुली मला टरकून असायच्या. आणि घरातल्या माणसाचा एक कान गेलेला मला कळला नाही. याला काय म्हणायचं? हे कधीपासून होतं? नोकरीतल्या शेवटच्या मेडिकलनंतर सुरू झालं, की आधीच? गार्डाचं काम काढून घेतील म्हणून गप्प बसलात का? सासूबाईंनाही पाठमोऱ्या असल्या की हाक ऐकू यायची नाही. तुम्हाला हे घराण्यात आहे असं वाटलं नाही कधी?

माझ्यापासून लपवलंत, ते एक वेळ मी गिळीन. पण अभयला सांगायला हवं होतं. तुम्ही त्याला गाडी शिकवलीत, टायर बदलायला शिकवलंत, आणि एवढी एकच गोष्ट सांगितली नाहीत! वेळेवर दाखवलं असतं तर काही उपाय झाला असता का? मला ठाऊक नाही. उद्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारणार आहे आणि त्याच्या उत्तराचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

घरी आल्यावर अभयला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तुमचंही. त्यानं चहाचा कप बाजूला सारला.

"टेस्ट करून काय होणार, आई?"

"काय आहे ते कळेल."

"कळलं तर? लायसन्सचं रिन्यूअल आहे. मेडिकल मागतात. गाडी बंद म्हणजे सगळंच बंद."

"मग लपवून चालवणार?"

"बाबांनी नाही चालवली?"

तोच पुढे म्हणाला, "आणि बाबा कोणाला सांगणार होते? तुला? तू तेच म्हणाली असतीस जे रोज म्हणायचीस."

"काय म्हणायचे मी?"

"छोड ना, आई."

"नाही. बोल."

त्यानं मान वर केली आणि ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं, हुबेहूब, माझ्या शाळेतल्या चढ्या पट्टीत. "अहो, बहिरे आहात का?"

अहो, किती वेळा म्हटलं असेल मी हे? दिवसातून दोनदा? चारदा? मला तो एक बोलायचा शब्द वाटायचा, चहात साखर टाकावी तसा टाकून द्यायचा. आणि तुम्ही हसायचात! प्रत्येक वेळी हसायचात!

एक गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. त्या सकाळी तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसला होतात. मी स्वयंपाकघरातून विचारलं, चहा टाकू का? ओ आली नाही. पुन्हा विचारलं. ओ आली नाही. मग तेच म्हणाले, "अहो, बहिरे आहात का?" आणि नेहमीचंच म्हणून पोळ्या लाटत राहिले. चार पोळ्या. पाचवी तव्यावर असताना बाहेर आले, तेव्हा पेपर खाली पडला होता आणि तुमची मान कलली होती. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी काही होणार नव्हतं, एका झटक्यात झालं. असेल तसं. पण माझं तुमच्याशी शेवटचं वाक्य ते होतं, आणि ते खरं होतं, हे मला रविवारी एका टेपवाल्याकडून कळलं.

फाटक वाजलं. पिकअप आली. डाव्या बाजूचा आरसा शाबूत दिसतोय, देवाची कृपा. मी खिडकीतून हाक मारली, "अभय, आलास का रे?" तो उतरत नाही. मान वळवत नाही. पुन्हा हाक मारणार होते, आणखी मोठ्यानं. तोंडाशी आलेली हाक तशीच थांबली. जाऊन येते.

आले जाऊन.

तो गाडीतच बसला होता. टेप चालू, तुमचीच कॅसेट. उजव्या हातानं रिंग इकडून तिकडे फिरवत होता आणि डावा हात लांब करून माझ्या बाजूच्या दारावर टेकवला होता. हातानं ऐकत होता. मी गाडीला वळसा घालून त्याच्या उजव्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्यानं मला पाहिलं आणि टेप बंद केला.

"आई, हे दार किती जोरात वाजतं! तुला एवढ्या वर्षांत एकदापण नाही कळलं?"

"नाही रे."

"मलापण नाही." किल्ली काढत म्हणाला, "उद्या किती वाजता आहे?"

"दहा."

"तिथे तू बोलायचं नाहीस हां. मी बोलणार."

"बरं," मी म्हटलं. मी "बरं" म्हटलेलं ऐकून तो चमकला. उजव्या कानानं नीट ऐकलं त्यानं!

भीती गेली नाही. डॉक्टर काय सांगतील, लायसन्सचं काय होईल, दुसरा कान टिकेल का, काहीच ठाऊक नाही. पण तो येणार आहे. नवा टेपही बसवू आपण, निकाल काहीही लागो. गाडी थांबवूनच ऐकायचा असला तरी बसवू. त्यालाही कुणीतरी बोलणारं हवं. तुमची कॅसेट मी काढून आणली आहे, कपाटात तुमच्या शिट्टीशेजारी ठेवली आहे.

तुम्हाला एक वचन देते. तो शब्द या घरात पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही. आणि यापुढे कुणाला हाक मारली आणि ओ आली नाही, तर आवाज चढवणार नाही. तव्यावर पोळी असो नाहीतर आणखी काही, गॅस बंद करीन आणि उठून बघायला जाईन.

तुमच्या डाव्या बाजूला बसून इतकी वर्षं बोलत राहिलेली,
सुनंदा