साखर घातलेली कॉफी

शौकी,

आपल्या गावात ज्याला त्याला आपलं मरण एकदा स्वप्नात दिसतं आणि ते चुकत नाही, हे तुला सांगायला नको. मला माझं दिसलं. आंबे पिकलेत आणि मी गच्चीवर कबुतरांच्या खुराड्यापाशी आडवी पडलेय. सकाळी सुनेला, नजातला, सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही. दुपारी तू कैरोहून हजर.

आल्या आल्या गच्चीची शिडी खोलीत कोंडलीस आणि किल्ली खिशात घातलीस. नजातनं कॉफी आणली ती बिनसाखरेची, मयताच्या घरी देतात तशी. तू ती मुकाट्यानं प्यायलास. मी समोर धडधडीत जिवंत बसले होते.

"ताई, आता जपून राहा," म्हणालास.

बाबा जपूनच राहिले. स्वप्नात कालवा दिसला म्हणून त्यांनी मासे धरणं सोडलं, खाटेवर बसून म्हातारे झाले, आणि शेवटी गेले त्या कालव्यातच. मला तसलं जपणं नको. कबुतरांना दाणे तू घालणार आहेस का?

शेजारणीची शिडी आणलीय. रोज वर जाते. आंब्यांना रंग चढायला लागलाय.

हे पत्र टाकणार नाही, नाहीतर तू आधीच नजातला दटावशील. तिच्याकडून शपथ घेतलीय: पत्र मी गेल्यावरच तुझ्या हातात द्यायचं आणि कॉफी मी सांगितली तशीच करायची. माझ्या मयताला येशील तेव्हा तुझ्या कॉफीत तीन चमचे साखर असेल. सगळ्यांसमोर प्यायची. तोंड वाकडं केलंस तर ती दुसरा कप आणेल.

गच्चीवरून,
तुझी ताई वहीबा