ऐटीतलं माप

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद.

तू शिवलेला शर्ट मला झकास बसतो, असं मी काल फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. पुढून तो मांडीपर्यंत लोंबतो आणि मागून कंबर उघडी पडते. चूक तुझी नाही. तू माप घेत होतीस, म्हणून मी छाती काढून ताठ उभा राहिलो. तू गेल्यावर पुन्हा वाकलो.

कॉलेजने तुला त्या कपड्यांच्या कंपनीत शिकायला पाठवलंय. म्हाताऱ्यांसाठीचा हा शर्ट सोमवारी तिथल्या बाईंना दाखवायचा आहे. माझ्यामुळे तुझं हसं झालं तर? काल रात्रीपासून हाच घोर लागलाय. खरं सांगायला फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

एवढं लिहिलं आणि तुझाच फोन आला.

“आजोबा, आजीने शर्टाचा फोटो पाठवलाय. माप देताना ऐट केलीत ना?”

“थोडीशी,” मी म्हटलं.

तू खो खो हसलीस. “बाई म्हणाल्या, टेप दिसली की सगळेच आजोबा जवान होतात. त्यांना बोलतं ठेवायचं आणि हळूच माप घ्यायचं. उद्या येते. तुम्ही नुसत्या गप्पा मारा.”

आता हे पत्र पाठवायचं कारण उरलं नाही. पण उद्या काय बोलायचं ते ठरवायला लागलो, तर पाठ आपोआप ताठ झाली. तेव्हा हे पत्र उद्या दारातच तुझ्या हातात देईन. आधी मला हसव, मग टेप काढ.

तुझा काळजीखोर
आजोबा